उद्देशक, उदाहरणसंग्रह, सरावसंच : गणितग्रंथांतील प्रश्नांच्या मांडणीचा इतिहास

गणिताच्या पाठ्यपुस्तकांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा नियम, उपपत्ती आणि परिभाषा यांवर खिळलेले असते. पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाअखेर येणारा प्रश्नांचा भाग त्यांच्या दृष्टीने गौण असतो. वस्तुतः विद्यार्थ्याचा सर्वाधिक काळ याच भागात जातो, आणि पुस्तक शिक्षकावाचून वापरता येईल की नाही हेही पुष्कळ अंशी याच भागावरून ठरते. प्रश्न कोणत्या क्रमाने द्यावयाचे, त्यांना क्रमांक कसे घालावयाचे, अनेक प्रश्नांना समाईक असलेली सूचना कोठे लिहावयाची, उत्तर कोठे ठेवावयाचे, या गोष्टी छापखान्याच्या सोयीच्या म्हणून सोडून दिल्या जातात. परंतु प्रत्येक काळी त्यांच्यामागे विद्येच्या साधनाचा, म्हणजे मुखपाठाचा, पोथीचा, धूळपाटीचा अथवा छापील पानाचा, विशिष्ट आग्रह असतो. आणि साधन बदलले की हा आग्रह भाषेतही उमटतो. आज गणिताची पुस्तके संगणकाच्या जालावर मुक्तपणे उपलब्ध होऊ लागली असताना या इतिहासाकडे वळणे म्हणूनच अप्रस्तुत नाही.

महाराष्ट्रातील अभ्यासकाने प्रारंभ भास्कराचार्यांपासून करणे स्वाभाविक होय. सिद्धान्तशिरोमणीची रचना ११५० मधील. चाळीसगावजवळील पाटण येथे १२०७ चा जो शिलालेख आहे, त्यावरून भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे कळते; म्हणजे ग्रंथकर्त्यामागून अल्पावधीतच हे ग्रंथ ‘पाठ्यपुस्तके’ झाली होती. लीलावतीच्या मांडणीत तीन अंगे स्पष्ट दिसतात. प्रथम करणसूत्र, म्हणजे पद्यबद्ध नियम. मग उद्देशक, म्हणजे पद्यबद्ध प्रश्न. आणि त्यानंतर गद्यात न्यास, म्हणजे प्रश्नातील संख्यांची अंकांत केलेली मांडणी. न्यासापाठोपाठ ‘जातम्’ एवढ्या शब्दाने उत्तर येते. याहून पुरातन अशा बख्शाली हस्तलिखितात, जे १८८१ मध्ये पेशावरजवळ सापडले, हीच साखळी आणखी लांब आहे. तेथे शेवटी पडताळ्यालाही स्वतंत्र स्थान आहे, आणि अंक रेघांच्या चौकटीत बंदिस्त केलेले आहेत. शब्द न तोडता सलग लिहिण्याच्या पद्धतीत, जेथे वाक्य कोठे संपले हे एका दंडावरून ओळखावयाचे, तेथे ही चौकटच डोळ्याला थांबावयास सांगणारी खूण होती.

लीलावतीतील प्रश्न सुटेसुटे आहेत, त्यांत आजच्यासारखी चढती श्रेणी नाही, असा एक समज आढळतो. तो टिकण्यासारखा नाही. बेरीज-वजाबाकीच्या पहिल्याच उद्देशकात २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज विचारली आहे व लगेच ती दहा हजारांतून वजा करावयास सांगितले आहे. उत्तरे ३६० आणि ९६४०. वर्गाच्या उद्देशकात एकाच श्लोकात चार संख्यांचे वर्ग विचारले आहेत : ९, १४, २९७ आणि १०००५. एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी, आणि मध्ये शून्ये असलेली पाच अंकी संख्या, अशी ही निवड डोळसपणे केलेली दिसते. कोणताही अनुभवी शिक्षक आजही सराव असाच बांधील. २९७ ही संख्या श्लोकात ‘तीनने उणे तीनशे’ अशी आली आहे. हा केवळ वृत्ताचा निर्वाह म्हणावा, तर वजाबाकीचा वर्ग काढण्याची युक्तीही त्यातच सुचविलेली आहे.

त्याहून लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. वर्गमुळाचा उद्देशक ४ आणि ९ यांची मुळे विचारतो आणि मग, पूर्वी केलेल्या वर्गांचीही मुळे काढ, असे म्हणतो. म्हणजे ८१, १९६, ८८२०९ आणि १००१०००२५ ही आधीच्या प्रश्नाची उत्तरे येथे प्रश्न म्हणून परत येतात. घन आणि घनमूळ यांच्या बाबतीतही असेच घडते. ७२९, १९६८३, १९५३१२५ हे घन पुढे घनमुळासाठी घेतले आहेत. यात तीन हेतू साधतात. नवीन संख्या पाठ करण्याचे कष्ट वाचतात. विद्यार्थ्याने आधीचे उदाहरण खरोखर केले असल्याची खात्री होते. आणि मूळ काढणे ही वर्गाची उलट क्रिया होय हे न सांगता कळते. आजच्या पुस्तकात ‘प्रश्न ३ मधील उत्तर वापरून’ अशी जी सूचना येते, तिचे हे मुखपाठाच्या काळातील रूप म्हणता येईल. क्रमांक नव्हता, संदर्भ होता तो स्मरणाचा.

न्यासाचेही असेच. पंचराशिकाचा प्रसिद्ध उद्देशक असा आहे : महिन्याला शंभरास पाच व्याज असेल, तर वर्षात सोळांचे किती? येथे न्यास म्हणजे संख्यांची केवळ नोंद नव्हे. १, १०० व ५ हे एका उभ्या ओळीत, १२ व १६ हे दुसऱ्या ओळीत. मग फळ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस न्यावयाचे, अधिक राशी असलेल्या बाजूच्या गुणाकारास अल्प राशींच्या बाजूच्या गुणाकाराने भागावयाचे. उत्तर ९ पूर्णांक ३ पंचमांश. संख्या कोठे मांडली यावरच ती गुणावयाची की भागावयाची हे ठरते. मांडणी हीच रीत झाली. या पद्धतीत प्रश्नाचे ‘रूप’ आणि प्रश्नाचा ‘आशय’ यांत भेद करताच येत नाही, आणि मांडणीला बाह्य सजावट समजणाऱ्यांनी हे एक उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे.

पोथी ही गुरूपाशी. विद्यार्थ्यापाशी होती ती पाटी. पाटीगणित हा शब्दच त्याची साक्ष देतो. धूळपाटीवर केलेले काम पुढच्या क्षणी पुसले जाते. तिच्यावर एका वेळी एकच प्रश्न राहू शकतो, म्हणून प्रश्नांचा संच ही कल्पना त्या साधनात संभवत नाही. पंतोजींच्या शाळेत उजळणीचा जो भाग होता, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, तो सामुदायिक मुखपाठ होता, आणि त्याचा क्रम हाच त्याचा क्रमांक होता. या शाळांवर पुढील काळात घोकंपट्टीचा आरोप पुष्कळ झाला. परंतु लेखी सरावाचे साधनच नसलेल्या शाळेकडून लेखी सरावाची अपेक्षा करण्यात न्याय थोडा आहे.

छापील मराठी गणिताचा उगम मुंबईतील शाळापुस्तक मंडळीच्या उद्योगात आहे. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेसाठी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली, चार्ल्स हटन यांच्या इंग्रजी गणितग्रंथाच्या आधाराने, मराठी गणिताची पुस्तके तयार झाली. त्या काळची पुष्कळ पुस्तके शिळाछापाची आहेत. शिळाछापात लेखनिकाचा हात जसाच्या तसा उमटतो, त्यामुळे पोथीची सवय पानावर सहज चालू राहते. खिळ्यांच्या छापाने ही सवय मोडली. खिळे जुळविणाऱ्यास ओळ, परिच्छेद आणि मोकळी जागा यांचा निर्णय प्रत्येक ठिकाणी करावाच लागतो. १८५० मध्ये मेजर थॉमस कँडी यांची विरामचिन्हांची परिभाषा प्रसिद्ध झाली, आणि पूर्णविराम, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही मराठी गद्यात रुळू लागली. विरामचिन्हांच्या या आगमनाची चर्चा नेहमी निबंध आणि कथा यांच्या अनुषंगाने होते. गणिताच्या पुस्तकात त्यांनी जे घडविले ते मात्र दुर्लक्षित राहिले आहे.

ते असे. उद्देशकाचे वाक्य संबोधनाने सुरू होई : बाले, सखे, गणक, मित्र. क्रियापद आज्ञार्थी आणि एकवचनी. विचारणारा एक, सांगणारा एक. छापील पुस्तकात हा संवाद संपला. त्याच्या जागी आले ‘खालील समीकरणे सोडवा.’ क्रियापद अनेकवचनी झाले, कारण आता समोर अनोळखी वर्ग आहे. संबोधन गेले. आणि ‘खालील’ हा शब्द आला, जो पूर्णतः पानाचा शब्द आहे. ‘खाली’ म्हणजे कागदावर खाली. मुखाने सांगितलेल्या विद्येत ‘खालील’ला अर्थच नाही, तेथे ‘पुढील’ म्हणावे लागेल, कारण काळात पुढे-मागे असते, वर-खाली नसते.

येथे वाक्यरचनेचाही एक मुद्दा आहे. इंग्रजीत क्रियापद आधी येते आणि कर्म मागाहून. त्यामुळे सूचना, मग अपूर्णविराम, मग एकाखाली एक प्रश्न, ही मांडणी त्या भाषेच्या वाक्यात स्वाभाविकपणे बसते. यादी ही वाक्याचाच शेवट असते. मराठीत क्रियापद शेवटी. ‘सोडवा’ म्हटले की वाक्य पुरे झाले, आणि त्याखालची यादी व्याकरणदृष्ट्या अधांतरी लोंबकळते. तिला वाक्याशी जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे ‘खालील’ किंवा ‘पुढील’ हे विशेषण. हा दुवा नसेल तर मराठीत समाईक सूचना देताच येत नाही. प्रत्येक प्रश्न ‘अमुक समीकरण सोडवा’ असा स्वतंत्र वाक्य करून लिहावा लागेल. एका विशेषणाने मराठी गणितग्रंथाची किती पाने वाचविली असतील याचा हिशेब एखाद्या हौशी संशोधकाने करावा!

संज्ञांचा गोंधळ मात्र छापाने वाढविला. इंग्रजी शालेय पुस्तकांत सोडवून दाखविलेला नमुना आणि विद्यार्थ्याने सोडवावयाचा प्रश्न या दोहोंना एकच शब्द चालत असे. हॉल आणि नाइट यांच्या १८८५ च्या बीजगणितातही सरावाच्या प्रश्नगटांवर हेच शीर्षक आहे. मराठीत ‘उदाहरण’ या शब्दाने तोच दुहेरी भार उचलला. संस्कृतात उदाहरण म्हणजे नियमाचा दाखला. मराठी मुलाच्या तोंडी मात्र ‘उदाहरण चुकले’ या वाक्यात ते सोडवावयाचे कार्य झाले. भेद दाखविण्यासाठी एकीकडे ‘सोडवलेले उदाहरण’ असे विशेषण लावावे लागले, दुसरीकडे ‘उदाहरणसंग्रह’ असा समास करावा लागला. बोलभाषेने तर ‘गणित’ या शास्त्राच्या नावालाच एका प्रश्नाचा अर्थ दिला : ‘तीन गणिते राहिली.’ ‘स्वाध्याय’ हा शब्द आपापल्या शाखेच्या वेदपठणातून आला आणि धड्याअखेरच्या प्रश्नांना चिकटला. अलीकडचा ‘सरावसंच’ त्या मानाने निःसंदिग्ध आहे. त्यात सराव ही क्रिया आहे आणि संच ही छापील पानावरची वस्तू आहे.

उत्तरांच्या स्थानाचा प्रश्न याहून गंभीर. लीलावतीत उत्तर प्रश्नाला लागूनच होते, कारण पोथी गुरूच्या हाती होती. पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती आल्यावर उत्तर ग्रंथाच्या शेवटी गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियम, सोडवलेला नमुना, क्रमांकित प्रश्नगट आणि ग्रंथान्ती उत्तरसूची हा घाट इंग्रजी शालेय गणितात पक्का झाला होता. त्याच परंपरेत शिकून पुढे स्वतः अंकगणित रचणारे एक नाव कोल्हापूरच्या वाचकास जवळचे आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे शालेय शिक्षण कागल आणि कोल्हापूर येथे झाले, महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभही राजाराम महाविद्यालयात झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अध्यापन करीत असता त्यांनी सहकारी ना. ज. बापट यांच्या साहाय्याने अंकगणिताचे पुस्तक सिद्ध केले. पुढे ते मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले. अर्थसंकल्पावरील भाषणांत आकड्यांची जी शिस्तबद्ध रचना गोखल्यांनी दाखविली तिचा उगम या पुस्तकात शोधण्याचा मोह चरित्रकारांस होतो. तो आवरलेला बरा. मात्र राजकारणात अग्रेसर झालेल्या पुरुषाने प्रश्नांच्या राशी रचण्याचे नीरस काम पत्करले होते, ही गोष्ट त्या कामाची त्या काळची प्रतिष्ठा दाखविते.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची योजना अमलात आणण्यास आरंभ केला. याचा पाठ्यपुस्तकाच्या मांडणीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख होती तेथे मुलाचे उत्तर बरोबर की चूक हे सांगणारा कोणी तरी असे. शाळेत प्रथमच आलेल्या मुलाच्या घरी तसा कोणी नव्हता. अशा मुलासाठी पुस्तकाच्या शेवटची दोन पाने हाच घरातला शिक्षक. उत्तरे दिल्याने मुले नक्कल करतात, हा आक्षेप शिक्षकवर्गातून सतत घेतला गेला, आणि तो खोटा नाही. पण तो घेणाऱ्यांच्या घरी बहुधा उत्तर तपासणारे कोणी होते.

प्रश्नसंग्रहाची आणखी एक दुर्बलता १९५७ मध्ये उघडी पडली. त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून दशमान नाणी आली. रुपयाचे सोळा आणे आणि एकशे ब्याण्णव पै जाऊन शंभर नवे पैसे झाले. पुढील वर्षापासून मेट्रिक वजने चालू होऊ लागली. मण, शेर, छटाक हळूहळू बाजारातून हटले. पुस्तकांतील नियम अबाधित राहिले, त्रैराशिक त्रैराशिकच राहिले. परंतु प्रश्न मात्र एका फटक्यात शिळे झाले. ज्याला मिश्र परिमाणांचे गणित म्हणत, तो भाग तर जवळजवळ निराधार झाला. भास्कराचार्यांनी ग्रंथारंभीच वीस वराटकांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, अशी परिभाषा स्वतंत्र करून ठेवली होती, याचे मर्म येथे कळते. परिमाणे बदलतात, ती एके ठिकाणी असली तर बदलता येतात. आणे-पै प्रत्येक प्रश्नाच्या पोटात शिरलेल्या पुस्तकाला नवी आवृत्ती काढण्यावाचून मार्ग नव्हता.

१९६७ मध्ये महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले आणि मांडणीत एकसूत्रता आली. आजच्या माध्यमिक गणितात प्रकरणातील उपघटकांनंतर सरावसंच, प्रकरणाअखेर संकीर्ण प्रश्नसंग्रह आणि ग्रंथान्ती उत्तरसूची असा क्रम आहे. ही पुस्तके जालावर विनामूल्य उतरवून घेता येतात. खेडोपाडीच्या विद्यार्थ्यास ती घरबसल्या मिळतात, हा लाभ सामान्य नव्हे. परंतु विनामूल्य आणि मुक्त हे दोन शब्द समानार्थी नाहीत. या पुस्तकांचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत, आणि जालावर मिळते ते छापील पानाचे चित्रच होय. पानावर जे खाली ते खालीच; प्रश्न सुटा काढता येत नाही, फेरजुळणी होत नाही. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेल्या अनेक मराठी पुस्तकांत तर शब्दाचा शोधही घेता येत नाही, आणि अंध वाचकासाठी मजकूर वाचून दाखविणारे यंत्र त्यांच्यापुढे मुके होते.

मुक्त पुस्तकांची खरी परंपरा अन्यत्र घडली. अमेरिकेतील प्रा. रॉबर्ट बीझर यांनी २००४ च्या सुमारास आपले रेषीय बीजगणित मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. त्यातील प्रश्नांना केवळ क्रमांक नाहीत. आकडेमोडीचे, संकल्पनेचे आणि सिद्धतेचे, अशा तीन जातींची अक्षरे क्रमांकाआधी लावलेली आहेत. क्रमांकांत मुद्दाम जागा सोडल्या आहेत, जेणेकरून पुढे नवा प्रश्न मध्ये घालता यावा आणि जुन्यांचे क्रमांक हलू नयेत. जे पुस्तक कधी पुरे होणार नाही त्यासाठी केलेली ही तजवीज आहे. पुढे त्यांच्याच पुढाकाराने प्रीटेक्स्ट ही लेखनपद्धती आली. तीत लेखकाने पानाचा विचारच करावयाचा नाही. प्रत्येक प्रश्नाचे चार भाग वेगळे खुणावयाचे : प्रश्नाचे विधान, सूचक इशारा, उत्तर, आणि संपूर्ण उकल. समाईक सूचना असलेल्या प्रश्नांचा गट बांधून त्यास प्रास्ताविक जोडावयाचे. मग हे भाग पडद्यावर झाकून ठेवावे, छापात शेवटी न्यावे की शिक्षकाच्या प्रतीतच दाखवावे, हे मागाहून ठरते. करणसूत्र, उद्देशक, न्यास, जातम् ही जुनी विभागणी आणि ही नवी यांत साम्य दिसते. ते वंशाचे नव्हे, गरजेचे आहे.

अशा पद्धतीने मराठी पुस्तक रचावयाचे झाल्यास भाषेच्या अडचणी कोठे येतील? काही अडचणी वाटतात तितक्या नाहीत. संदर्भ यंत्राने घालावयाचा म्हटले की विभक्तीची भीती वाटते : ‘प्रमेय’ या शब्दाचे सामान्यरूप ‘प्रमेया-’ होते, यंत्राला ते कसे कळावे? पण मराठीने हा प्रश्न आपणहून सोडविला आहे. ‘प्रमेयाच्या आधारे’ असे म्हणणारा लेखक क्रमांक येताच ‘प्रमेय ५ च्या आधारे’ असे लिहितो. प्रत्यय नामावरून उडी मारून अंकावर बसतो आणि नाम मूळ रूपात राहते. यंत्राला ‘प्रमेय ५’ एवढे अखंड पद पुरते. उपप्रश्नांची अक्षरे हाही असाच सुटलेला प्रश्न. आपल्या पुस्तकांत पर्यायांस (अ), (ब), (क), (ड) ही अक्षरे लागतात. हा वर्णमालेचा क्रम नव्हे, रोमन अक्षरांच्या पहिल्या चौघांना दिलेले मराठी वेष आहेत. शुद्धतावाद्यांस हे खुपते. त्यांनी स्मरावे की सवाई जयसिंहाच्या आश्रयाने जगन्नाथ पंडितांनी अरबीवरून रचलेल्या संस्कृत रेखागणितातही आकृतींतील बिंदूंना अ, ब, ज, द अशी अरबी क्रमाची अक्षरे दिलेली आहेत.

खरी अडचण ‘खालील’ची आहे. पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न दाखविला, अथवा एका गटातील तिसरा प्रश्न उचलून दुसऱ्या शिक्षकाने आपल्या संचात घातला, तर ‘खालील समीकरणे सोडवा’ ही सूचना मागे राहते आणि हाती नुसते समीकरण उरते. सूचना सोबत आणली तरी तिचे अनेकवचन एकाच समीकरणावर बसत नाही. इंग्रजीतही हा दोष उद्भवतो. पण तेथे सूचनेचे क्रियापद अग्रभागी असल्याने त्यापुढे एक समीकरण ठेवले तरी वाक्य उभे राहते. मराठीत कर्म आधी आणि क्रियापद शेवटी यावयाचे, म्हणून वाक्य नव्याने बांधावे लागते : ‘हे समीकरण सोडवा.’ यास्तव मराठी लेखकाने प्रत्येक गटासाठी दोन सूचना लिहून ठेवणे इष्ट, एक गटाची आणि एक सुट्या प्रश्नाची. ‘वरील आकृतीत’ याऐवजी ‘आकृती ३ मध्ये’ असे लिहावे. आणि परिमाणांचे कोष्टक प्रश्नांच्या पोटात न कोंबता ग्रंथारंभी स्वतंत्र ठेवावे. यांतील शेवटची सूचना ११५० इतकी जुनी आहे.